चालत्या माणसाचा चेहरा झाकायचा कसा? व्हिडिओतल्या ट्रॅकिंगची पहिल्यापासून ओळख

आमच्या भागातल्या आठवडे बाजारावर मी एक छोटा माहितीपट करत होतो. पालेभाजी विकायला बसलेल्या एका मावशींनी चित्रीकरणाला होकार दिला, पण एक अट घातली: "पोरीचं तोंड दिसता कामा नये." पोरगी आठ-नऊ वर्षांची. गवारीच्या शेंगा निवडत होती, मधेच वर बघत होती, मधेच वजनं उचलायला वाकत होती. तो प्रसंग 14 सेकंदांचा होता. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर 350 चित्रं. मी चेहऱ्यावर एक धुरकट गोल ठेवला आणि दर दहा फ्रेमनंतर तो हातानं सरकवत गेलो. चालवून पाहिलं, ठीक वाटलं, टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या भावाचा फोन आला. त्यांनी व्हिडिओ मधेच थांबवला होता आणि त्या थांबलेल्या चित्राचा फोटो मला पाठवला होता. पोरगी वाकताना माझा गोल जागेवरच राहिला होता आणि तीन फ्रेममध्ये तिचा पूर्ण चेहरा उघडा होता. चालत्या व्हिडिओत सेकंदाचा आठवा हिस्सा डोळ्याला जाणवत नाही, पण थांबवून पाहणाऱ्याला तो पुरेसा असतो. मी व्हिडिओ तेव्हाच खाली उतरवला आणि ट्रॅकिंग, म्हणजे हलत्या वस्तूचा फ्रेमागणिक पाठलाग करणं, नीट शिकायला बसलो.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी आजवर फक्त कापणं-जोडणं केलंय आणि आता हलत्या वस्तूला काहीतरी चिकटवायचंय: चेहऱ्यावर ब्लर, गाडीच्या नंबरावर पट्टी, खेळाडूच्या डोक्यावर नाव. सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, ट्रॅकर तुम्ही दाखवाल तेच बघतो आणि चुकला तरी थांबत नाही. त्याला काय दाखवायचं आणि कुठे अडवायचं, हे काम तुमचंच राहतं.

ट्रॅकर नेमकं काय करतो

पहिल्या फ्रेममध्ये तुम्ही एका छोट्या चौकटीत चित्राचा तुकडा निवडता. ट्रॅकर तो लक्षात ठेवतो. पुढच्या फ्रेममध्ये तो आसपासच्या जरा मोठ्या चौकटीत शोधतो, की याच्यासारखा दिसणारा तुकडा आता कुठे गेला. जिथे सर्वांत जास्त जुळतं तिथे तो नवी जागा नोंदवतो. मग पुढची फ्रेम. आतल्या चौकटीला पॅटर्न म्हणतात, बाहेरच्या चौकटीला सर्च एरिया. ट्रॅकरला चेहरा कळत नाही, पोरगी कळत नाही, फक्त उजेड-अंधाराची मांडणी कळते.

ही विद्या जुनी आहे. ब्रूस लुकास आणि ताकेओ कानाडे यांनी 1981 साली कार्नेगी मेलन विद्यापीठात मांडलेली पद्धत अजूनही कितीतरी ट्रॅकरच्या पोटात आहे. पुढे 1994 साली शी आणि तोमासी यांनी वेगळाच, पण आपल्या फार कामाचा प्रश्न सोडवला: ट्रॅक करायला चांगला बिंदू कोणता? थोडक्यात उत्तर असं, की कोपरा चांगला, नुसती कड वाईट आणि सपाट भाग सर्वांत वाईट.

हे का, ते घरीच पाहता येतं. एका पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडा. घरात उभ्या रेघांची सतरंजी असेल तर ती अंथरा आणि पुठ्ठा तिच्यावर धरा. आता कुणाला तरी सतरंजी रेघांच्या दिशेनं हळूच ओढायला सांगा. भोकातून बघताना तुम्हाला काहीच हललेलं दिसणार नाही, कारण रेघ आपल्याच जागी सरकतेय आणि आधीसारखीच दिसतेय. आता सतरंजी आडवी ओढा, लगेच कळेल. मग पुठ्ठा सतरंजीच्या कोपऱ्यावर, जिथे दशा सुटतात तिथे ठेवा. आता कुठल्याही दिशेनं ओढलं तरी हालचाल पकडता येते. ट्रॅकरची चौकट म्हणजे तुमचं ते पुठ्ठ्यातलं भोक. शर्टाची बाही ही कड झाली, ट्रॅकर तिच्यावरून घसरत जातो. खिशाचा कोपरा, बटण, जर्सीवरचा आकडा, कपाळाची टिकली यांना तो घट्ट धरतो.

दोन फसवे बिंदू इथेच सांगून ठेवतो, कारण नवखा माणूस हमखास यांनाच धरतो. एक म्हणजे चकाकी. स्टीलच्या भांड्यावरचा किंवा गाडीच्या काचेवरचा चमकता ठिपका ठळक दिसतो, पण तो वस्तूबरोबर चालत नाही, उजेडाबरोबर चालतो. दुसरा म्हणजे खोटा कोपरा. पुढची झाडाची फांदी आणि मागचा विजेचा खांब जिथे एकमेकांना छेदताना दिसतात तिथे छान फुली तयार होते. कॅमेरा जरा सरकला की फांदी वेगळ्या वेगानं जाते, खांब वेगळ्या, आणि ती फुली प्रत्यक्षात कुठल्याच वस्तूवर नसते.

फुटेज आधी तपासा

चित्रीकरण तुमच्याच हातात असेल तर शटरकडे, म्हणजे एका फ्रेमसाठी कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो त्याकडे, लक्ष द्या. ताशी 36 किलोमीटर वेगानं जाणारी मोटरसायकल सेकंदाला 10 मीटर जाते. शटर 1/50 सेकंद असेल तर तो उघडा असताना गाडी 20 सेंटीमीटर सरकते, आणि मोटरसायकलच्या मागच्या नंबरप्लेटची लांबीही तेवढीच असते. म्हणजे गाडी आडवी जात असेल तर पाटी स्वतःच्या लांबीएवढी फासली जाते. त्या फासलेल्या पट्ट्यात ट्रॅकरला धरायला काही उरत नाही. तेच 1/200 ठेवलं तर पाटी 5 सेंटीमीटरच फासली जाईल. उन्हात हे सहज जमतं. घरात किंवा मंडपात दिव्यांच्या उजेडात मात्र 1/50 किंवा 1/100 वरच राहा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि वेगळ्या शटरवर चित्रात पट्टे येतात. असे पट्टे आले की उजेड फ्रेमागणिक बदलतो आणि ट्रॅकर गोंधळतो.

फोनच्या व्हिडिओत आणखी एक भानगड असते. बरेच फोन फ्रेमचा वेग कायम ठेवत नाहीत, कमी-जास्त करतात. अशी क्लिप थेट वापरली तर चित्र अडखळतं, आवाजाशी जुळत नाही. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याच्या व्हिडिओ टॅबमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडा, एच 264 मध्ये नवी फाइल काढा आणि तीच वापरा. दर्जा चढाच ठेवा. जास्त दाबलेल्या फाइलमध्ये चौकोनी डाग येतात आणि ट्रॅकर त्या डागांनाच वस्तू समजतो.

कोणतं सॉफ्टवेअर

मी इथे डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती धरून सांगतोय. ऑस्ट्रेलियातली ब्लॅकमॅजिक डिझाइन ही कंपनी ते बनवते, फुकट आवृत्तीत अल्ट्रा एचडीपर्यंत काम करता येतं आणि वॉटरमार्क येत नाही. 2018 साली पंधराव्या आवृत्तीपासून फ्यूजन हा इफेक्ट्सचा भाग त्यातच आल्यामुळे चेहऱ्यावर गोल चिकटवायचं आणि एकच बिंदू धरायचं, असं दोन्ही प्रकारचं ट्रॅकिंग एकाच जागी मिळतं. मशीन मात्र जरा बरं लागतं, निदान 16 जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर जीव घाबरा होत नाही. जुन्या लॅपटॉपवर केडेनलाइव्ह बघा, त्यातही मोशन ट्रॅकर आहे. ब्लेंडरमधलं ट्रॅकिंग फारच बारकाईचं आणि उत्तम आहे, पण पहिल्याच दिवशी तिकडे जाऊ नका. आफ्टर इफेक्ट्स ज्यांच्याकडे आहे त्यांना त्यात मोचा नावाचा ट्रॅकर आयता मिळतो.

पहिला धडा: चेहऱ्यावर ब्लर

दहा-पंधरा सेकंदांची क्लिप घ्या, ज्यात एक माणूस कॅमेऱ्याकडे तोंड करून चालतोय. घरच्याच माणसाची घ्या.

1. नवा प्रोजेक्ट उघडा आणि क्लिप टाइमलाइनवर टाका. फ्रेमचा वेग बदलायचा का असं विचारलं तर हो म्हणा, म्हणजे टाइमलाइन क्लिपच्या वेगाशी जुळेल. हा वेग नंतर बदलता येत नाही.

2. खालच्या पट्टीतून कलर पानावर जा. उजवीकडे नोडची जागा दिसेल (नोड म्हणजे चित्रावर करायच्या कामाचा एक टप्पा), तिथे एक नोड आधीच असतो. त्याला हात लावू नका. ऑल्ट धरून एस दाबा, दुसरा नोड येईल. ब्लर यातच मारायचा. रंगाचं काम पहिल्या नोडमध्ये आणि झाकण्याचं दुसऱ्यात ठेवलं की पुढे एक बदलताना दुसरं बिघडत नाही.

3. मधल्या पट्टीत विंडोचं चिन्ह आहे, तिथून गोल निवडा. चित्रावर गोल येईल. चेहरा जिथे सर्वांत मोठा आणि स्पष्ट दिसतो त्या फ्रेमवर जा. क्लिपची पहिलीच फ्रेम हवी असं काही नाही, ट्रॅकर मागेपुढे दोन्हीकडे जाऊ शकतो. गोल ताणून अंडाकृती करा आणि तो चेहऱ्यापेक्षा थोडा मोठा ठेवा, कान आणि केसांची कड आत येईल इतका. पण मागची भिंत फार आत घेऊ नका, नाहीतर ट्रॅकर भिंतीला धरेल आणि माणूस पुढे निघून जाईल.

4. शेजारचं ट्रॅकरचं चिन्ह दाबा. वर पॅन, टिल्ट, झूम, रोटेट आणि थ्रीडी अशा खुणा आहेत. पॅन म्हणजे आडवं सरकणं, टिल्ट म्हणजे उभं, झूम म्हणजे लहान-मोठं होणं, रोटेट म्हणजे कलणं. चालत येणाऱ्या माणसासाठी पहिल्या तीन खुणा ठेवा. मान कलत असेल तरच रोटेट. थ्रीडी काढून टाका, चेहऱ्यासाठी तो गोलाला वेडावाकडा पिळतो. जितक्या कमी गोष्टी विचाराल तितकं उत्तर खात्रीचं येतं.

5. दोन्हीकडे ट्रॅक करायचं बटण दाबा आणि बघत बसा. या वेळी चहाला उठू नका. गोलाच्या आत छोट्या फुल्या दिसतील, त्या ट्रॅकरनं धरलेल्या जागा. गोल घसरायला लागला की तिथेच थांबवा. घसरल्यानंतरची पुढची दोनशे फ्रेम नंतर पुसत बसण्यापेक्षा हे सोपं.

6. ट्रॅक पटला की मगच ब्लर मारा. ब्लरच्या पट्टीत रेडियस वर ओढला की चेहरा धुरकट होतो. चौकोनी ठिपके हवे असतील तर इफेक्ट्समधून मोझेइक ब्लर उचलून या नोडवर टाका. आधीच ब्लर मारला तर गोल चेहऱ्यावर नीट बसलाय का हे तुम्हालाच दिसत नाही.

सोप्या क्लिपवर एवढ्यानं काम होतं. खऱ्या क्लिपवर मात्र पुढचा भाग लागतोच.

ट्रॅक घसरला तर

संवाद साधत काम करणारी हत्यारं, असं ज्यांना म्हणतात, त्यांचं खरं कसब इथे दिसतं. यंत्र एक डाव खेळतं, तुम्ही बघता, थांबवता, दुरुस्त करता आणि पुन्हा त्याच्या हाती देता.

सर्वांत नेहमीचा प्रसंग म्हणजे मधून कुणीतरी जातं. बाजारात तर दर दोन सेकंदांना. ट्रॅकर चेहऱ्याला धरून असतो, समोरून डोक्यावर पाटी घेतलेला माणूस जातो, आणि ट्रॅकर त्या पाटीबरोबर निघून जातो. ट्रॅकरच्या आलेखात बघा: एकमेकांजवळून चालणाऱ्या रेषा एका जागी एकदम उडी मारतात. ती उडी म्हणजे तो पाटीवाला. माऊसनं तेवढ्याच भागाभोवती चौकट ओढा, वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांच्या यादीतून निवडलेला ट्रॅक पुसायचा पर्याय घ्या. मग माणूस निघून गेल्यावरच्या फ्रेमवर जा, गोल (खाली सांगितलेल्या फ्रेम मोडमध्ये) पुन्हा चेहऱ्यावर बसवा आणि तिथून पुढे ट्रॅक करा. मधली मोकळी जागा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ सरकत भरून निघते. चेहरा त्या वेळेत सरळ सरकला नसेल तर हातानं नीट करा.

हातानं नीट करायला फ्रेम मोड असतो. ट्रॅकरच्या पट्टीत क्लिप आणि फ्रेम असे दोन शब्द शेजारी दिसतात. क्लिप निवडलेलं असताना गोल सरकवला तर पूर्ण क्लिपभर सरकतो. फ्रेम निवडलं तर त्या एका फ्रेमपुरती दुरुस्ती होते आणि आलेखात एक टिंब उमटतं. नवखे लोक क्लिपमध्ये राहूनच एक जागा सुधारतात आणि बाकीच्या सगळ्या बिघडवतात. हे माझ्याकडून इतक्यांदा झालंय, की आता दुरुस्तीआधी तो शब्द मोठ्यानं वाचायची सवय लावून घेतलीय.

दुसरा प्रसंग, ट्रॅकर भलत्याच गोष्टीला धरतो. गोलात चेहऱ्याबरोबर मागच्या दुकानाची रंगीत पाटी आली की फुल्या पाटीवर गोळा होतात, कारण तिथे कोपरे जास्त. इथे इंटरॅक्टिव्ह मोडची खूण करा, पाटीवरच्या फुल्यांभोवती माऊसनं चौकट ओढा आणि त्या काढून टाका. चेहऱ्यावर फुल्या कमी असतील तर तसंच चौकटीत घेऊन नव्या टाका. ही सोय बहुतेकांना माहीतच नसते.

तिसरा, चेहरा वळतो. समोरून बघणारी पोरगी बाजूला बघायला लागली की डोळे-नाक-कपाळ ही मांडणीच बदलते. इथे ट्रॅकरशी भांडू नका. वळायच्या आधीपर्यंतचा ट्रॅक ठेवा, वळून झाल्यावर नवा सुरू करा, मधल्या आठ-दहा फ्रेम हातानं करा.

आणि माणूस फ्रेमच्या बाहेर जातो तेव्हा? गोल कडेला अडकून थरथरतो, तर अर्धा चेहरा उघडा राहतो. शेवटच्या चांगल्या फ्रेमनंतरचा ट्रॅक पुसा आणि फ्रेम मोडमध्ये गोल स्वतः बाहेर ढकला, माणसाच्या पावलाच्या वेगानं.

एक-एक फ्रेम बघा

माझ्या त्या तीन उघड्या फ्रेमना उत्तर एकच होतं. काम झाल्यावर क्लिपच्या सुरुवातीला जा आणि उजवीकडच्या बाणाच्या कळीनं एक-एक फ्रेम पुढे जा. 14 सेकंदांच्या क्लिपला 350 वेळा कळ दाबावी लागते, पाच-सात मिनिटं जातात. ब्लर मारलेल्या प्रत्येक प्रसंगाला हे करा. डोळे थकले तर उठा, पाणी प्या, पण कळ धरून पळवू नका.

फक्त चेहराच बघू नका. मागच्या आरशात, दुकानाच्या काचेत, समोरच्याच्या गॉगलमध्ये तोच चेहरा असू शकतो. गणवेशावरचं शाळेचं नाव, दप्तरावरची चिठ्ठी, हाक मारतानाचा आवाज हेही ओळख सांगतात. लैंगिक गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलांच्या बाबतीत तर कायदाच आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 23 प्रमाणे अशा मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार यांपैकी काहीही माध्यमातून उघड करायला बंदी आहे. स्थानिक बातम्यांचे चॅनल चालवणाऱ्यांनी हे कलम मूळातून वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ब्लर किती मारायचा? जितका वाटतो त्याहून जास्त. हलका ब्लर किंवा बारीक मोझेइक ओळखीच्या माणसाला अडवत नाही, आई आपल्या लेकराला धुरकट चित्रातूनही ओळखते. शिवाय चेहरा हलत असताना मोझेइकचा प्रत्येक चौकोन दर फ्रेमला चेहऱ्याचा वेगळा भाग झाकतो, आणि अशा अनेक फ्रेम एकत्र करून झाकलेल्यातलं बरंच काही परत काढता येऊ शकतं. जिथे खरोखर धोका आहे तिथे ब्लरच्या नादी न लागता ठोस रंग भरा. त्याच नोडमध्ये गेन, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं चाक, पार शून्यापर्यंत खाली ओढला की गोलातलं चित्र काळं होतं. दिसायला ओबडधोबड वाटेल, पण मागे काही उरत नाही.

दुसरा धडा: खेळाडूच्या डोक्यावर नाव

गावच्या कबड्डी सामन्याची क्लिप असेल तर चढाई करणाऱ्याच्या डोक्यावर नाव चालत नेणं हा छान सराव आहे. इथे फ्यूजन वापरायचं, कारण इथे आपण बिंदू स्वतः निवडतो.

टाइमलाइनवर क्लिपवर उभं राहून फ्यूजन पानावर जा. मीडिया इन आणि मीडिया आउट असे दोन नोड जोडलेले दिसतील. शिफ्ट धरून स्पेस दाबा, ट्रॅकर शोधा आणि तो या दोघांच्या मधे जोडा. चित्रावर एक हिरवी चौकट येईल, डावीकडच्या वरच्या कोपऱ्याला धरून ती हलवता येते. ती जर्सीवरच्या आकड्यावर न्या. पाठीवर 7 असेल तर त्याचा वरचा उजवा कोपरा, जिथे आडवी रेघ संपून तिरकी सुरू होते, तिथे ठेवा. चौकट त्या कोपऱ्यापुरती लहान करा. बाहेरची तुटक रेघांची चौकट सर्च एरियाची. खेळाडू एका फ्रेममध्ये जितका सरकतो त्याहून ती मोठी हवी. दोन फ्रेम पुढे जाऊन बघा म्हणजे अंदाज येतो. उगाच फार मोठी केलीत तर दुसऱ्या खेळाडूच्या पाठीवरचा आकडाही तिच्यात येईल आणि ट्रॅकर तिकडे उडी मारेल, कारण त्याच्या लेखी दोन्ही सारखेच.

पहिल्या फ्रेमवर या आणि इन्स्पेक्टरमधून पुढे ट्रॅक करा. उडी मारली तर थांबवा, चौकट पुन्हा बसवा, तिथून पुढे चला. ॲडॅप्टिव्ह मोड नावाचा एक पर्याय दिसेल. त्यात बेस्ट मॅच ठेवा. म्हणजे पाठ हळूहळू कलत गेली तरी ट्रॅकर गरजेप्रमाणे नवं रूप लक्षात घेतो. दर फ्रेमला नवं रूप घ्यायला सांगितलं, तर तो प्रत्येक वेळी केसाएवढा चुकतो आणि शंभर फ्रेमनंतर आकड्यावरून खांद्यावर पोचलेला असतो.

आता टेक्स्ट प्लस नोड घ्या, मजकूर देवनागरीत टाइप करा. फॉन्ट देवनागरीचाच निवडा, नाहीतर अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. काना-मात्रा आणि जोडाक्षरं नीट बसलीत का हे मोठं करून बघा. त्या नोडचं टोक ट्रॅकरच्या हिरव्या बाणाला जोडा. ट्रॅकरच्या ऑपरेशन टॅबमध्ये मॅच मूव्ह निवडा आणि खाली मर्जमध्ये एफजी ओव्हर बीजी, म्हणजे पुढचं चित्र मागच्यावर. नाव चित्रावर येईल आणि पाठीबरोबर चालेल. ते डोक्यावर हवं असेल तर टेक्स्ट प्लसच्या लेआउटमधला सेंटर सरकवा, ट्रॅकला हात लावू नका.

नाव थरथरत असेल तर बहुतेक वेळा बिंदूच चुकलेला असतो. दुसरा कोपरा घेऊन पुन्हा करा, पाच मिनिटांचं काम आहे. थरथर लपवायला धुरकटपणा आणि सावल्या लावत बसलात तर तासभर जाईल.

भिंतीवरच्या पाटीवर किंवा फोनच्या पडद्यावर दुसरं चित्र बसवायचं असेल तर एक बिंदू पुरत नाही, पूर्ण पृष्ठभाग धरावा लागतो. त्यासाठी फ्यूजनमध्ये प्लेनर ट्रॅकर आहे. एका बिंदूवर हात बसल्यावरच तिकडे जा.

वस्तूलाच धरून वेळ पुढे-मागे

ट्रॅकिंगचा एक उपयोग मला फार आवडतो. कॅरमची सोंगटी खिशात पडायच्या आधीचा क्षण शोधायचा तर आपण खालची वेळेची पट्टी मागेपुढे ओढत बसतो. त्याऐवजी सोंगटीलाच माऊसनं धरून खिशाकडे ओढलं आणि व्हिडिओ आपोआप त्या क्षणाला गेला तर? 2008 साली इटलीतल्या फ्लॉरेन्सला भरलेल्या सीएचआय या माणूस-संगणक संवादावरच्या परिषदेत नेमकी हीच कल्पना दोन वेगवेगळ्या गटांनी मांडली. जर्मनीतल्या आखेनच्या गटाच्या प्रणालीचं नाव ड्रॅगन, दुसरीचं डिम्प. दोन्हींच्या मुळाशी तीच गोष्ट: प्रत्येक वस्तूचा मार्ग आधी ट्रॅक करून ठेवायचा, मग तो मार्गच वेळेची पट्टी होतो.

आता हत्यारं हुशार होताहेत. मेटानं जुलै 2024 मध्ये खुल्या केलेल्या सेगमेंट एनिथिंगच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये एका फ्रेममध्ये वस्तूवर टिचकी मारली की तिचा आकार पूर्ण व्हिडिओभर पकडला जातो. चुकला तर मधल्या फ्रेममध्ये पुन्हा टिचकी मारून सुधारता येतं. रिझॉल्व्हच्या विकतच्या स्टुडिओ आवृत्तीतला मॅजिक मास्कही अशाच जातीचा. वापरा जरूर, वेळ वाचतो. पण चेहरा झाकताना बाणाची कळ तेवढ्याच वेळा दाबा.

फाइल बाहेर काढताना

रेंडर, म्हणजे अंतिम फाइल तयार, झाल्यावर टाइमलाइनवरचं चित्र विसरा आणि बाहेर आलेली फाइल फोनवर लावा. ब्लरचे प्रसंग पुन्हा थांबवून-थांबवून बघा. व्हिडिओ टाकताना पुढे दिसणारं छोटं चित्र तुम्ही कुठून उचललंय ते तपासा, मूळ क्लिपमधून घेतलं असेल तर सगळी मेहनत वाया. न झाकलेलं फुटेज पेन ड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत नाहीये ना, हेही बघा.

बाजाराचा तो प्रसंग मी पुन्हा केला तेव्हा पोरीच्या चेहऱ्याला चार वेगळे ट्रॅक लागले. पाटीवाले दोनदा मधून गेले होते, आणि ती वजनं उचलायला वाकते त्या अकरा फ्रेम पूर्ण हातानं केल्या. कुठेही टाकायच्या आधी तो तुकडा मावशींच्या भावाच्या फोनवर पाठवला. त्यांनी तो बाजारात नेऊन मावशींना दाखवला. मावशींनी वाकण्याच्या जागी दोनदा थांबवून बघितला, मग पोरीलाही बघायला दिला. संध्याकाळी भावाचा निरोप आला, "टाका."